पेटीच्या सुरात ओढलेली गिटार

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. टाळायला कारणं कधी कमी पडली नाहीत. आधी वाटलं, घरातली गोष्ट घरातच बरी. मग वाटलं, लोक विसरले असतील. पण विसरलं कोणीच नव्हतं. आमच्या नातेवाइकांत ती गोष्ट विनोद म्हणून फिरत राहिली, आणि ती सगळ्यांत रंगवून सांगणारा मीच होतो. ज्याच्यावर तो विनोद होता, तो माझा मेहुणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, या हिवाळ्यात गेला. आता खरं काय घडलं ते लिहून टाकतो.

बायकोचं माहेर दुसरबीडचं. तिचा भाऊ कॉलेजात असताना जालन्याच्या एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. पुढे तो ज्युनिअर कॉलेजात विज्ञान शिकवू लागला, शेतीही बघू लागला, पण गिटार सुटली नाही. लग्नाआधी बायकोनं त्याच्याकडून तीन कॉर्ड शिकून घेतल्या होत्या. मग ती मोताळ्याला आमच्या घरी आली, आणि आमच्या घरात सूर म्हणजे पेटी. वडिलांची पेटी, वडिलांचंच भजनी मंडळ, आणि त्यांच्यामागे पेटीवर मी. तहसीलमधली कारकुनी दिवसभर आणि संध्याकाळी मंडळ. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पोरांना गाणी शिकवायची ती टाळ्या वाजवून.

ती निवृत्त झाली तेव्हा म्हणाली, "मले गिटार घ्यायची आहे."

मी हसलो. "या वयात?"

"तुमची पेटी तुमच्याहून म्हातारी आहे. तिले कोणी वय इचारते काय?"

त्याच संध्याकाळी तिनं भावाला फोन लावला. तो इतका खूश झाला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "बाई, घ्यायची तं चांगली घेऊ. स्टीलच्या तारेची. हलकी घेशीन तं बोटं सोलतीन, सूर लागणार नाही, अन् मग तू म्हणशीन का मलेच जमत नाही. अन् ते गिटार जाईन खाटेखाली."

आम्ही तिघं एसटीनं संभाजीनगरला गेलो. दुकानात भिंतभर गिटारी टांगल्या होत्या. मला एक काळी, आरशासारखी चमकणारी आवडली. मेहुण्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दाजी, वरातीची घोडी पाहून राह्यले काय?" दुकानदारही हसला.

मग त्यानं जे केलं ते मी जवळ उभा राहून पाहिलं, आणि ते मला आजही लख्ख आठवतं. तो एकेक गिटार उजेडाकडे न्यायचा आणि पुढच्या गोल भोकाच्या कडेवर बोट फिरवायचा. वरच्या फळीची रेघ कडेवरून सरळ आत उतरलेली दिसली तर ते अखंड लाकूड. कडेला थर दिसले तर ते प्लाय. अखंड फळीचा आवाज वापरानं खुलत जातो, प्लायचा आहे तिथंच राहतो, असं त्यानं सांगितलं. मग सुतार फळीची धार बघतो तसा एक डोळा मिटून त्यानं दांडीवरून नजर टाकली. प्रत्येक तार दांडीवरच्या प्रत्येक पट्टीवर दाबून छेडली, कुठं खरखर येते का ऐकलं. तारा दांडीपासून किती उचललेल्या आहेत ते बघितलं, कारण फार उंच असल्या तर शिकणाऱ्याची बोटं रडतात. शेवटी खिशातून एसटीचं तिकीट काढलं. तारा खाली ज्या लाकडी तुकड्यात अडकवतात त्याला ब्रिज म्हणतात. तो फळीवर नुसत्या गोंदानं बसवलेला असतो, आणि सगळ्या तारांचा ताण तोच धरून असतो. तिकिटाची कड त्यानं ब्रिजच्या मागून खाली सारायला बघितली.

"इथं कागद शिरला का गिटार खाली ठेवायची. मंग ते कितीही गोड वाजो."

एका गिटारीत शिरला. ती त्यानं खाली ठेवली. मधाच्या रंगाची एक साधी गिटार होती, तिच्यात सगळीकडून फिरवूनही शिरला नाही. तरी त्यानं लगेच हो म्हटलं नाही. बहिणीला स्टुलावर बसवलं, गिटार मांडीवर दिली आणि म्हणाला, "तुह्या हातात बसते का पाह्य. वाजवणार तू आहे, मी नाही." बायकोनं त्या जुन्या तीन कॉर्ड वाजवल्या. मधली चुकली. भाऊ-बहीण दोघंही पोरांसारखे हसत सुटले. तीच गिटार घेतली.

परत येताना एसटीत तो तिला सांगत होता. वाजवून झालं की सुती फडक्यानं तारा पुसायच्या, घामानं गंजतात. उघडी ठेवायची नाही, केसमध्ये ठेवायची. आपल्याकडचा उन्हाळा लाकडाचं पाणी शोषून घेतो, म्हणून चैत्रापासून साबणाच्या डबीला भोकं पाडून तिच्यात ओला, पिळलेला स्पंज ठेवायचा आणि डबी केसमध्ये. तारा बारीकच लावायच्या. आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "अन् दाजी, तुमच्या पेटीच्या सुरात तिले ओढू नका. वरचा सूर पाहिजे असन तं कॅपो लावा."

कॅपो म्हणजे दांडीवर लावायचा चिमटा. तो लावला की सगळ्या तारा आखूड होतात आणि सूर चढतो, ताण मात्र वाढत नाही. चांगली सोय आहे. पण मला ती आवडली नाही. आमची पेटी जुनी, तिचे सूर मुळातच थोडे चढे, आणि मंडळ गातं काळी चारमध्ये, म्हणजे चांगल्या वरच्या सुरात. बायको गुरुवारी आमच्याबरोबर बसायला लागली तेव्हा कॅपो लावूनसुद्धा तिचा सूर पेटीपेक्षा केसभर उतरलेला राहायचा. ती मग तारा किंचित चढवायची, आणि भजन संपलं की आठवणीनं उतरवायची. दर वेळी ही खुडबूड चाले. मृदंगवाला म्हणायचा, "वहिनी, तुमचं लावणं व्हईलोक आमची काकडआरती व्हईन." सगळे हसायचे. शिवाय टाळांच्या गजरात त्या बारीक तारांचा आवाज ऐकूच यायचा नाही.

पेटीवाल्याच्या डोक्यात एक खोड असते. पेटीचा सूर कोणासाठी हलत नाही, हलवता येतच नाही. त्यामुळे गाणारा असो, तबला असो, सगळ्यांनी आपल्याकडे यायचं असतं असं त्याला वाटायला लागतं. चाळीसएक वर्षं पेटीवर बसून मला तसंच वाटत होतं.

त्या वर्षी चैत्रात बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. मी घरी एकटा. मनात आलं, ती परत येईपर्यंत गिटार पेटीशी जुळवून ठेवावी. चिमटा नको, खुडबूड नको, आली की नुसतं बसायचं आणि वाजवायचं. तिला आनंद होईल असंच मला वाटलं होतं, हे खोटं नाही. पण मेहुण्याला दाखवून द्यावं, हेही होतं. दोन्ही होतं.

मलकापूरहून जाड तारा आणल्या. बारीक तारा काढून पाकिटात ठेवल्या. पेटीचा भाता दाबून सूर धरला आणि एकेक तार ओढत तिथपर्यंत नेली. आवाज असा भरघोस आला की मी एकटाच "वा" म्हणालो. मग ती रोज हाताशी असावी म्हणून गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत, जिथं मी रियाजाला बसतो, तिथं खिळ्याला टांगून ठेवली. केस खालीच राहिली. स्पंजाची डबी केसमध्ये होती, म्हणजे तीही खालीच राहिली.

वैशाखात मोताळ्याला टिनाच्या खोलीत दुपारी हात लावाल ते तापलेलं असतं. एक दिवस मी जेवून खाली पडलो होतो तेव्हा वरून मोठा आवाज आला. वाटलं माकड. वर जाऊन पाहिलं तर गिटारीचं पोट फुगलं होतं, ब्रिज मागच्या बाजूनं उचकटून वर आला होता आणि खाली फळीचं कच्चं लाकूड दिसत होतं. एक तार तुटून लोंबत होती.

तिथंच, त्या क्षणी, मला सगळं कळलं. काय झालं, कशानं झालं, कोणी सांगितलं होतं. आणि लगेच मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी जाड तारा काढल्या, भंगाराच्या पोत्यात खाली कोंबल्या. पाकिटातल्या बारीक तारा परत चढवल्या, ढिल्याच. गिटार केसमध्ये घातली, केस खाटेखाली सारली.

बायको आली. नातवाचं कौतुक सांगून झालं, दुसऱ्या दिवशी तिनं केस उघडली.

"अवो, हे काय झालं?"

मी चष्मा लावून वाकलो, जसं पहिल्यांदाच बघतोय. "गोंद कच्चा असन."

"कच्चा कसा? भावानं तं कागद घालून पाह्यलं होतं."

"पाह्यलं असन वरवर. दुकानदाराशी गप्पाच जास्त चालल्या होत्या त्याच्या."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज आलं. तिनं तिथल्या तिथं फोन लावला. तो काही विचारत होता, ती ऐकून घेत नव्हती. "ताण कोण देल्ला म्हणजे? मी पुण्यात होती! हात कोण लावते तिले? यायले तं पेटीतून फुरसत नाही."

तो दोन-चार दिवसांनी आला. अंगणात चटई टाकून गिटार मांडीवर घेतली. फुगलेल्या फळीवरून हात फिरवला. मग वरच्या टोकाला तारा जिथं पिळतात त्या खुंट्यांकडे वळला. एकदा गुंडाळून सोडलेली तार परत गुंडाळली की तिला जुने पीळ राहतात, ते वाजवणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. त्यानं एका तारेवरून नख ओढलं, थांबला, दुसरीवरून ओढलं. मग वर बघून मला विचारलं, "दाजी, गिटार कुठी ठेवली होती?"

"केसमध्येच. खाटेखाली."

"पूर्ण उन्हाळा?"

"हाव."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. दार उघडं धरून कोणी उभं राहावं, तसं. मी चटईच्या काड्या मोडत बसलो. बायको चहा घेऊन आली तेव्हा तो तिला म्हणाला, "चूक माहीच झाली बाई. त्या दिवशी घाई झाली. नीट पाहायचं राह्यलं."

"अरे, जिंदगीभर वाजवलं तू! अन् ब्रिजची एक पट्टी पाहता नाही आली तुले?"

"नाही आली," तो म्हणाला आणि चहा प्यायला.

मी का बोललो नाही याचं उत्तर फार लहान आहे. तो कॅपोबद्दल बरोबर होता आणि मी चूक होतो, एवढंच. एवढं कबूल करायला जीभ उचलली नाही.

गिटार तो दुसरबीडला घेऊन गेला. पातळ सुरी तापवून जुना गोंद सोडवला, ब्रिज पूर्ण काढला, दोन्ही लाकडं खरवडून साफ केली, नवा गोंद लावून शिकंज्यात आवळून ठेवली. फळीचा फुगवटा पुरता बसला नाही, म्हणून तारा उंच राहू नयेत यासाठी ब्रिजवर तारा टेकतात ती हाडाची पट्टी घासून कमी केली. गिटार परत वाजायला लागली. त्यानंतर दर दिवाळीला तारा बदलायला तोच यायचा. सगळ्या एकदम काढायच्या नाहीत, एक काढायची, एक चढवायची, म्हणजे दांडीचा ताण एकदम सुटत नाही, हेही त्यानं बहिणीला शिकवलं. माझ्याशी पहिल्यासारखाच वागायचा.

विनोद सुरू झाला तो त्याच वर्षीच्या भाऊबीजेला. बायकोनं ओवाळायला ताट घेतलं आणि म्हणाली, "पाट नीट पाहून घे रे, खालून निघून नको यायला." सगळे हसले, तोही हसला. मग मी ती गोष्ट उचलली. दुकानात मेहुणा कसा ऐटीत तिकीट फिरवतो, डोळा कसा मिटतो, सगळी नक्कल करायचो. आणि शेवटी म्हणायचो, "साळेबुवांनी एवढी पारखली, एवढी पारखली, का बिचारीचं पोटच फुगलं!" लग्नांत, बारशांत, लोक आग्रहानं सांगायला लावायचे.

त्या हसण्यात त्याचं काय गेलं ते मला हळूहळू दिसत होतं. आधी साखरखेर्ड्यापासून लोक त्याला वाद्यं घ्यायला बरोबर न्यायचे. शाळा न्यायच्या, मंडळं न्यायची. नंतर तो म्हणायला लागला, "नको, माही नजर चुकते." लोकांनीही मग विचारणं सोडलं. आणि बायको, जी पूर्वी साडीसुद्धा भावाला विचारून घ्यायची, ती त्याचं मत घेईनाशी झाली. मुलीनं पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा मी म्हटलं, भावाला दाखवून घे. ती म्हणाली, "त्याले काय दाखवायचं? त्याले गोंद नाही दिसला." हे ती हसत म्हणाली नाही. फ्लॅटचं त्याला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. वास्तुशांतीला आला, मागच्या खुर्चीवर बसला, जेवला आणि पाहुण्यासारखा निघून गेला.

त्याच्या तेरवीला दुसरबीडला मांडवात माणसं बसली होती. जेवणं झाल्यावर जसं होतं तसं, त्याच्या आठवणी निघाल्या, आणि कोणीतरी गिटारीचा विषय काढला. एक पुतण्या म्हणाला, "दाजींनाच सांगू द्या. त्यायच्यासारखं कोणाले जमत नाही." मेहुण्याची बायकोसुद्धा डोळे पुसत म्हणाली, "सांगा ना, त्यायले लई आवडायची ते गोष्ट."

आणि मी सांगितली. नक्कल केली, एक डोळा मिटला. सगळे रडत रडत हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी, चहा पिताना, मी बायकोला सगळं सांगितलं. जाड तारा, टिनाची खोली, भंगाराचं पोतं. तिनं कप खाली ठेवला. मग विचारलं, "त्याले माहीत होतं?"

"होतं. तारा पाहूनच कळलं होतं."

"मंग त्यानं हो काऊन म्हटलं?"

मी म्हटलं, "माह्यासाठी असन."

"तुमच्यासाठी कायले म्हणन तो?" ती म्हणाली. "माह्या घरात भांडण नको म्हणून म्हटलं त्यानं. अन् मी त्याले फ्लॅटही नाही दाखवला." तिनं पदर तोंडाला लावला. मी जवळ जायला उठलो तर तिनं हातानं थांबवलं. मग म्हणाली, "मले सांगून काय होणार आता? ज्यायले हसवलं त्यायले सांगा."

म्हणून हे लिहिलं. नातेवाइकांना पाठवणार आहे. पहिली प्रत दुसरबीडला त्याच्या बायकोला. माझी बायको अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. ते मी समजू शकतो.

आता शेवटच्या भेटीचं तेवढं राहिलं. गेल्या दिवाळीआधी तो तारा बदलायला आला, पण त्याचा हात थरथरत होता, तार खुंटीच्या भोकात जाईना. म्हणाला, "दाजी, तुम्ही करा, मी सांगतो." बायको बाजारात गेली होती. अंगणात आम्ही दोघंच. तो सांगत गेला, मी एक तार काढत गेलो, एक चढवत गेलो. पहिली तार पिळताना माझा हात थोडा जास्तच गेला.

"थांबा. तेवढंच," तो म्हणाला. "जास्त नाही सोसत तिले."

मी थांबलो. त्याच्याकडे बघितलं, त्यानंही माझ्याकडे बघितलं. त्या दिवशीही त्यानं दार उघडं धरलं होतं. वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, शब्द न् शब्द तयार होता. मी म्हणालो, "चहा घेता?" तो म्हणाला, "घेऊ ना." मी उठून आत गेलो.

म्हणायचं होतं ते एवढंच. भाऊ, तुम्ही पारखलेली गिटार चांगली होती. तिले मी ओढलं, मी तोडलं, अन् नाव तुमचं घेतलं. तुम्हाले माहीत होतं तरी तुम्ही ते आपल्या अंगावर घेतलं, अन् मी त्यावर लोकायले हसवलं. माहं चुकलं. मले माफ करा.